आज्ञावलीची शिदोरी

प्रवासास निघालेल्या मुलाबरोबर आई शिदोरी बांधून देते. कारण घरीं जें सहज हातीं लागतें, तें परगांवीं मिळेलच असें नाहीं. संगणकाच्या आज्ञावलीसही हाच न्याय लागू पडतो.

'एक्सडॉट' नांवाची एक लहानशी आज्ञावली आहे. बिंदू व त्यांस जोडणाऱ्या रेषा यांनीं बनलेला आलेख ती पडद्यावर दाखविते. आमच्या संगणकावरील ही आज्ञावली आम्हीं एका विद्यार्थ्याच्या घरीं नेऊन बसविली. खिडकी उघडली, पण आलेख उमटेना. 'डॉट' सांपडत नाहीं, एवढीच सूचना आली. आपल्याच हातून कांहीं बिघडलें असें वाटून मुलगा ओशाळला. वस्तुतः चूक आमची होती.

एक्सडॉट पायथन भाषेंत लिहिलेली आहे. खिडकी काढण्याचें काम ती जीटीके या संचाकडून करून घेते, आणि कोणता बिंदू कोठें ठेवावा हें ग्राफव्हिझ या संचांतील 'डॉट' ठरवितें. ग्राफव्हिझ आमच्या संगणकावर पूर्वींपासून होतें, म्हणून त्याचे उपकार आमच्या ध्यानांतच आले नव्हते. पायथनच्या 'पिप' या साधनानें एक्सडॉट आणिली, तरी ग्राफव्हिझ तिच्याबरोबर येत नाहीं. कारण तें पायथनचें नव्हे.

यावर उपाय म्हणजे नीट बांधलेलें पॅकेज. १९९३ सालीं आरंभ झालेल्या डेबियन प्रणालींत अशा गांठोड्याचे ३ भाग असतात: पहिल्यांत बांधणीच्या पद्धतीचा क्रमांक, दुसऱ्यांत माहितीपत्रक, तिसऱ्यांत प्रत्यक्ष फाईली. माहितीपत्रकांतील 'डिपेंड्स' या ओळींत ग्राफव्हिझचें नांव लिहिलें, कीं 'ॲप्ट' हें साधन तेंही आणून बसवितें. फाईलींमध्यें 'डेस्कटॉप' प्रकारची एक छोटी फाईल ठेवावी. तिच्यामुळें आज्ञावलीचें नांव व चित्र यादींत दिसतें, आणि ज्यांस आज्ञा टाइप करण्याचा सराव नाहीं अशा वडील मंडळींसही ती उघडतां येते.

एक्सडॉटचें असें पॅकेज डेबियनच्या भांडारांत आहेच. तथापि शिकण्यासाठीं आम्हीं व त्या मुलानें तें स्वतः बांधलें, आणि आमच्या संगणकावर न तपासतां, ज्यावर यांपैकीं कांहींच नव्हतें अशा दुसऱ्या संगणकावर बसवून पाहिलें. स्वतःच्या घरांतील परीक्षा ही खरी परीक्षा नव्हे.

या खेपेस आलेख उमटला. मुलानें काढलेला पहिला आलेख असा होता: मधोमध एक्सडॉट, व तिच्यापासून पायथन, जीटीके आणि ग्राफव्हिझ यांकडे जाणारे ३ बाण. आपण कोणाकोणाच्या आधारावर उभे आहों हें प्रामाणिकपणें लिहून ठेवणें, हेंच या विद्येचें मर्म होय.