चष्म्याचं दुकान नसलं तर?

प्रश्न : माझी मुलगी बी. ऑप्टोम.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढचं वर्ष इंटर्नशिपचं. स्वतःचं दुकान थाटण्याइतकं भांडवल आमच्याकडे नाही. नातेवाईक म्हणतात, दुकान नसेल तर हे शिक्षण वाया. नुसत्या नोकरीवर तिचं भागेल का?
– एक पालक, सांगली

उत्तर : भागेल. पण नातेवाईक म्हणतात त्यातही थोडं तथ्य आहे. आपल्याकडे चष्म्याच्या दुकानात डोळे तपासण्याचे पैसे सहसा कोणी घेत नाही. कमाई होते ती फ्रेम आणि काचांवर, आणि ती मालकाच्या गल्ल्यात जाते. लेन्सकार्ट, टायटन आय प्लस अशा साखळी दुकानांमुळे नोकऱ्या वाढल्या, हे खरं. चाळिशी कोणाला चुकत नाही, तेव्हा गिऱ्हाईक आटण्याचीही भीती नाही. मात्र अशा ठिकाणी मुलाखतीला गेल्यावर तिने दोन गोष्टी विचाराव्यात : दिवसाला किती जणांचे नंबर काढायचे, आणि पगार विक्रीच्या टार्गेटला बांधलेला आहे का?

नेत्ररुग्णालयातलं काम निराळं. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात किती पॉवरची लेन्स बसवायची, हे आधी डोळ्याची लांबी आणि बुबुळाची वक्रता मोजून ठरतं. ही बायोमेट्री अनेक ठिकाणी ऑप्टोमेट्रिस्टच करतात. लांबीच्या मापात एका मिलिमीटरची चूक झाली, तर पेशंटचा नंबर अडीच-तीनने हुकतो. शिवाय काचबिंदूसाठी फील्ड टेस्ट, दृष्टिपटलाचा ओसीटी, तिरळ्या आणि ‘आळशी’ डोळ्यांची तपासणी हेही असतं. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. तरीही नवख्या मुलीने इथूनच सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण चांगला पगार पुढे मिळतो तो विशेष कौशल्याला. केराटोकोनसमध्ये बुबुळ शंकूसारखं पुढे येतं, चष्म्याने नीट दिसत नाही. अशा डोळ्याला स्क्लेरल लेन्स बसवणारे हात फार थोडे आहेत. शाळकरी मुलांचा वाढता मायनस नंबर रोखणं आणि अगदी कमी दृष्टी उरलेल्यांना भिंग वगैरे साधनं शिकवणं, या शाखाही तशाच.

सरकारी जागा थोड्या आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जिल्हा केंद्रांत ऑप्टोमेट्रिस्टचं पद असतं, पण बहुधा कंत्राटी. लेन्स बनवणाऱ्या कंपन्या प्रशिक्षणाच्या कामासाठी घेतात, एम. ऑप्टोम. केल्यास शिकवताही येतं. आखातात जायचं तर अनुभव आणि परवान्याची परीक्षा लागते. ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात आपली पदवी थेट चालत नाही. एक चांगली गोष्ट म्हणजे 2021 च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला राज्य परिषदेकडे नोंदणीची तरतूद केली आहे. तिने नोंदणीची चौकशी आत्ताच कॉलेजात करावी.

इंटर्नशिपसाठी तिला रोज मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया होणारं रुग्णालय गाठायला सांगा आणि नंतरची दोन वर्षंही तशाच ठिकाणी काढू द्या. दुकानाचा विषय त्यानंतर काढा.