‘ऱ्हस्वदृष्टी’ : वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ

मराठी समीक्षेत आणि इतिहासलेखनात ‘ऱ्हस्वदृष्टी’ हा शब्द दोष दाखविण्यासाठी सर्रास योजला जातो. पुढचा विचार न करणारा राज्यकर्ता, तात्कालिक लाभापलीकडे न पाहणारी संस्था, अनुभवाचे क्षेत्र मर्यादित असलेला लेखक या सर्वांना तो सारख्याच सहजतेने लावला जातो. नेत्रवैद्यकात मात्र ते एका विकाराचे नाव आहे. या वाच्यार्थाचा कोणता अंश लक्ष्यार्थात उतरला आणि कोणता गळाला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. वाच्यार्थ

या विकारात दूरच्या वस्तूकडून येणारे किरण दृष्टिपटलावर एकत्र न येता त्याच्या अलीकडेच एकत्र येतात. बहुधा नेत्रगोल प्रमाणापेक्षा लांब झाल्यामुळे असे घडते. म्हणजे डोळा ‘दीर्घ’ झाल्याने दृष्टी ‘ऱ्हस्व’ होते. अंतर्गोल भिंगाच्या चष्म्याने दूरचे स्पष्ट दिसू लागते. जवळचे मात्र अशा व्यक्तीला एरवीही स्पष्टच दिसते, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

एकाच विकाराची नावे वेगवेगळ्या अंगांवरून पडली आहेत. ‘मायोपिया’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दांचे अर्थ ‘मिटणे’ आणि ‘डोळा’ असे आहेत. दूरचे पाहताना डोळे बारीक करण्याची सवय त्यात टिपली आहे. शालेय विज्ञानातील ‘निकटदृष्टिता’ ही संज्ञा जे दिसते त्यावरून, तर ‘ऱ्हस्वदृष्टी’ ही संज्ञा जे उणे आहे त्यावरून घडली आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘ह्रस्वजाड्य’ नावाचा दृष्टिरोग येतो. परंतु त्यात रूपे लहान दिसतात असे वर्णन असल्याने तेथील ‘ह्रस्व’चा संबंध दृष्टीच्या पल्ल्याशी नाही. व्यवहारातील मराठी यांपैकी कोणतीच संज्ञा न वापरता ‘लांबचे दिसत नाही’ एवढेच म्हणते. उलट, वयोमानाने जवळचे दिसेनासे झाले की ‘चाळिशी लागली’ हा तिचा स्वतःचा शब्दप्रयोग तयार असतो.

२. लक्ष्यार्थ

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेसाठी मुख्यार्थबाध, मुख्यार्थाशी संबंध आणि रूढी किंवा प्रयोजन अशा अटी सांगितल्या आहेत. ‘संस्थेची ऱ्हस्वदृष्टी’ या प्रयोगात संस्थेला डोळा नसल्याने मुख्यार्थाचा बाध होतो. संबंध जुळतो तो स्थलातील अंतर आणि कालातील अंतर यांच्या साम्यामुळे. हे साम्य मराठीच्या अंगवळणी पडलेले आहे. ‘पुढे’ हे अव्यय समोरच्या जागेसाठीही येते आणि येणाऱ्या काळासाठीही. ‘पुढचे दिसत नाही’ हे वाक्य संदर्भावाचून दोन्ही अर्थांनी घेता येते.

तथापि, ‘आधी वाच्यार्थ, मग लक्ष्यार्थ’ हा क्रम या शब्दकुलाला सरसकट लागू पडत नाही. अमरकोशात ‘दूरदर्शी’ आणि ‘दीर्घदर्शी’ हे दोन्ही शब्द विद्वानाच्या पर्यायांत दिले आहेत. दूरवर पाहणे म्हणजे शहाणपण, हा अर्थ चष्म्याच्या क्रमांकांपेक्षा कितीतरी जुना आहे. म्हणूनच नेत्रवैद्यकात ‘ऱ्हस्वदृष्टी’ आणि ‘दीर्घदृष्टी’ हे दोन्ही दोष असले, तरी साहित्याच्या भाषेत एक निंदा होते आणि दुसरी स्तुती. ‘दीर्घदृष्टीचा नेता’ म्हटल्यावर त्याला जवळचे अंधुक दिसते, असे कोणीही समजत नाही. ‘दूरदृष्टी’ हा गुण आणि ‘दूरदृष्टिता’ हा विकार यांच्यातील सीमारेषा तर केवळ एका प्रत्ययावर उभी आहे.

३. लोकोक्तींची साक्ष

लोकभाषेचा कल मात्र वेगळा दिसतो. ‘काखेत कळसा नि गावाला वळसा’, ‘दिव्याखाली अंधार’, ‘दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही’ या म्हणी जवळचे न दिसण्याला हसतात. ‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण तर दूरच्या दर्शनावरच अविश्वास दाखविते. संस्कृतप्रचुर मराठीने पल्ल्याला मान दिला. म्हणींनी सान्निध्याची बाजू राखली.

४. समीक्षेतील उपयोजन

याचा परिणाम वाङ्मयीन मूल्यमापनावर होतो. जवळचे बारकाईने पाहण्याला मराठीत ‘सूक्ष्मदृष्टी’ हा गौरवाचा शब्द आहे. म्हणजे एकाच डोळ्याची शक्ती एका नावाने वाखाणली जाते आणि उणीव दुसऱ्या नावाने हिणवली जाते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) या आत्मचरित्राचे सामर्थ्य घरातल्या, रोजच्या, हाताशी असलेल्या गोष्टी पाहण्यात आहे. धर्मांतरासारखी मोठी घटनाही तेथे संसाराच्या अंतरावरूनच दिसते. केवळ पल्ल्याच्या मापाने मोजल्यास हे सामर्थ्यच मर्यादा ठरेल.

दुसरा प्रश्न उत्तरदायित्वाचा आहे. ‘डोळेझाक’ किंवा ‘कानाडोळा’ यांत हेतू गृहीत असतो. ‘ऱ्हस्वदृष्टी’त तो नसतो. ज्याला दिसतच नाही, त्याला दोष कसा द्यावा? दिसत असूनही ज्याने पाहिले नाही, अशा सत्ताधाऱ्याला इतिहासकार ‘ऱ्हस्वदृष्टीचा’ म्हणतो, तेव्हा टीका करता करता तो त्याला नकळत सूट देतो.

तात्पर्य, हा शब्द वापरताना दोन गोष्टी तपासणे इष्ट होय : संबंधिताला दूरचे खरोखरच दिसत नव्हते काय, आणि जवळचे जे त्याला स्पष्ट दिसले त्याची नोंद घेतली गेली काय? लक्ष्यार्थात वाच्यार्थाचा जो अर्धा भाग गळाला आहे, तो विचारात घेतल्यावाचून हा शब्द न्याय्य ठरत नाही.