मसुद्यातील दुरुस्त्या आणि कळांची जोडणी

प्रश्न : जुन्नर-आंबेगावच्या इतिहासावरील लेखाच्या मसुद्यात वगळलेला मजकूर खोडरेघेने व नवा मजकूर अधोरेषेने, माउसला हात न लावता दाखवता येईल का?

उत्तर : येईल. विंडोजवरील वर्डमध्ये अधोरेषेसाठी कंट्रोल-यू ही जोडी आहेच. खोडरेघेसाठी, म्हणजे अक्षरांमधून जाणाऱ्या आडव्या रेघेसाठी, मात्र अशी जोडी नसल्याने ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘कस्टमाइझ रिबन’ या क्रमाने जाऊन तळाचे ‘कस्टमाइझ’ बटण दाबावे, ‘ऑल कमांड्स’मधून ‘स्ट्राइकथ्रू’ निवडावे आणि हवी ती जोडी दाबून, ती अन्य कामाला नेमलेली नाही हे पाहून, ‘असाइन’ करावे. लिब्रेऑफिस रायटरमध्ये हीच सोय ‘टूल्स’मधील ‘कस्टमाइझ’मध्ये मिळते.

नाणेघाटातील शिलालेखाची लिपी चुकून ‘मोडी’ लिहिली गेली असेल, तर त्या शब्दावर खोडरेघ आणि शेजारी अधोरेखित ‘ब्राह्मी’ असे रूप छापील प्रतीतही स्पष्ट दिसते. परंतु या खुणा केवळ अक्षरांची सजावट असल्याने त्या शेवटी हातानेच काढाव्या लागतात. म्हणून अनेकांनी तपासायच्या मसुद्यासाठी वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ई दाबून ‘ट्रॅक चेंजेस’ सुरू करणे अधिक हिताचे ठरते, कारण त्यात दुरुस्ती कोणाची व केव्हाची हे नोंदले जाते आणि ती स्वीकारता वा नाकारता येते.