शी धरून ठेवणारं मूल

आईबाबांनो, आज जरा संकोचाच्या विषयावर बोलू या. मुलाच्या शीबद्दल.

वर्गात लक्ष नसतं, सारखी चुळबुळ, चिडचिड, दोन घासांत ताटावरून उठणं, अशी तक्रार तुम्ही घेऊन येता, तेव्हा आम्ही डॉक्टर विचारतो, ‘शी शेवटची कधी झाली?’ बहुतेकांना सांगता येत नाही. मूल आपलं आपण संडासला जायला लागलं की घरातल्यांचं तिकडे लक्ष राहत नाही.

कधीतरी शी कडक होते, दुखतं. मूल धास्तावतं आणि धरून ठेवायला लागतं. पाय आवळून, टाचा उचलून पडद्यामागे उभं राहतं. आपल्याला वाटतं जोर करतंय. ते थोपवत असतं. त्यात सकाळची घाईची शाळा आणि तिथला घाण संडास. थांबलेल्या मळातलं पाणी आतडं शोषून घेतं, तो आणखी घट्ट होतो. गुदाशय ताणत जातो आणि शी आल्याची जाणीवच बोथट होते. मग त्या घट्ट गोळ्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो, चड्डी खराब होते, आणि मुलाला पत्ताही नसतो. ‘एवढा घोडा झालास, लाज नाही वाटत?’ हे त्याला कृपा करून बोलू नका. त्याच्या हातात ते नसतं. काही घरांत याला जुलाब समजून शी थांबवायचं औषध देतात, तेव्हा तर दुखणं दुप्पट होतं.

आता वर्गात लक्ष न लागण्याकडे वळू. अमेरिकेतल्या सैनिकी कुटुंबांमधल्या सात लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा विकार) असलेल्यांपैकी ४.१ टक्के मुलांना बद्धकोष्ठता होती, इतरांत हे प्रमाण १.५ टक्के होतं. म्हणून पोटामुळे एडीएचडी होतो असं मात्र समजू नका. एडीएचडी असलेल्या, खेळात रमलेल्या मुलाला शी आल्याचं भानच राहत नाही, असंही असू शकतं.

‘आतडं सुधारा, एकाग्रता वाढवा’ म्हणून महागड्या पुड्या विकणाऱ्यांपासून सावध राहा. मेंदूत संदेश पोचवणारं सेरोटोनिन हे रसायन बहुतांशी आतड्यात तयार होतं हे खरं. पण तिथलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही.

त्यापेक्षा जेवणानंतर मुलाला पाच-दहा मिनिटं संडासात बसवा. खाल्ल्यावर आतड्याची हालचाल वाढते, तिचा फायदा घ्यायचा. कमोडवर पाय लोंबत असतील तर खाली स्टूल द्या. शी झाली नाही तरी रागावू नका, बसल्याचं कौतुक करा. पेरू, पपई, पालेभाजी, उसळी, भरपूर पाणी हवंच. दूध मात्र बेताने. दुधानेच पोट भरलं की जेवण राहतं आणि लोह कमी पडतं.

पण साठलेला मळ नुसत्या पपईने निघत नाही. त्याला औषध लागतं, तेही बरेचदा काही महिने. ‘सवय लागेल’ या भीतीने ते मध्येच बंद करू नका. शी मऊ ठेवणाऱ्या लॅक्ट्युलोजसारख्या औषधाने आतडं आळशी होत नाही. वजन घटतंय, पोट फुगून उलट्या होताहेत किंवा शीतून रक्त जातंय, तर लगेच दाखवा.

पोट नीट झाल्यावर बऱ्याच मुलांची भूक परतते, चिडचिड उतरते. तरीही लक्ष लागत नसेल, तर बालविकासतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका. तिथे एडीएचडीची रीतसर तपासणी होते, आणि त्यावर उपचार आहेत.