शिंदीतली पूड आणि माणसाचे वागणे

आपल्या आदिलाबादकडे शिंदी पिणे नवे नाही. पहाटे उतरवलेला रस गोड असतो. ऊन चढेल तसा तो आंबतो आणि त्यात थोडे मद्य तयार होते. त्याची नशा बेताची. परंतु झाडे कमी व पिणारे फार, म्हणून काही दुकानांत पाणी घालून शिंदी वाढवतात आणि उणी पडलेली नशा पुडीने भरून काढतात. ही पूड म्हणजे क्लोरल हायड्रेट, डायझेपाम किंवा अल्प्राझोलाम. मुळात ही झोपेची व घबराटीवरची औषधे.

मेंदूला शांत ठेवणारा एक नैसर्गिक लगाम असतो. ही औषधे तो अधिक ओढतात. जीभ अडखळते, पाय लटपटतात. काहींची भीडभाड सुटते. एरवी शांत असलेला माणूस बायकोवर हात उगारतो आणि सकाळी “मला आठवत नाही” म्हणतो. पुष्कळदा ते खरे असते, कारण त्या वेळची आठवण मेंदूत उमटलेलीच नसते. (म्हणून मार कमी लागतो असे नाही.)

रोज पिणाऱ्याचा मेंदू या ओढीविरुद्ध जोर लावायला शिकतो. पूड एकाएकी थांबली की तो जोर मोकाट सुटतो. झोप उडते, हात कापतात, घाम फुटतो. दोन-तीन दिवसांत झटके येतात, नसलेली माणसे दिसतात. सप्टेंबर २०१५ मध्ये तेलंगणात भेसळीवर छापे पडले, तेव्हा निजामाबाद व महबूबनगरकडे असे अनेक रुग्ण दवाखान्यांत आले. २०२० च्या टाळेबंदीत हैदराबादच्या एर्रागड्डा मानसिक रुग्णालयात तेच दिसले.

राखेच्या बुधवारी शपथ घेऊन एका दिवसात शिंदी सोडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. शपथ चांगली, पण सोडण्याचा वेग डॉक्टरांना ठरवू द्या. ते अशाच जातीचे औषध देऊन हळूहळू कमी करतात. “डॉक्टरही गोळीच देतात” म्हणून उपचार सोडू नका.

माणूस बरळू लागला तर बाधा समजून भगताकडे नेऊ नका, खांबाला बांधू नका. १०८ ला फोन करून आदिलाबादच्या रिम्समध्ये न्या. प्रार्थना गाडीत बसूनही करता येते. किती वर्षे, रोज किती आणि शेवटची कधी प्याली, हे डॉक्टरांना न लाजता सांगा. पिऊन झोपलेला हलवूनही उठत नसेल तर त्याला कुशीवर वळवा आणि तोंडात पाणीसुद्धा घालू नका. व्यसनाबद्दल सल्ला हवा असेल तर टेलीमानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत.