शाईच्या थेंबातील वलय : मेंदूतील बुरशीची परीक्षा

‘इंडिया इंक’ या नावाचा विद्यार्थ्यांना अभिमान वाटतो. परंतु काजळीची ही शाई चीनमध्येही फार प्राचीन काळापासून होती. इतिहासाच्या शिक्षकाने नावावर विसंबू नये, म्हणून आम्ही हे आधीच सांगतो. याच शाईच्या एका थेंबाने मेंदूच्या आवरणात शिरलेली बुरशी आजही ओळखली जाते.

क्रिप्टोकोकस निओफॉर्मन्स ही बुरशी कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत व मातीत आढळते. पनवेलच्या छज्जांवरही कबुतरे काही कमी नाहीत. श्वासावाटे शरीरात गेलेल्या या बुरशीला सुदृढ देह बहुधा रोखून धरतो. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाच्या मात्र ती मेंदूपर्यंत पोहोचते. आठवडेच्या आठवडे डोके दुखते, ताप येतो, उलट्या होतात. घरची माणसे अंगाऱ्याधुपाऱ्यात दिवस घालवतात. डॉक्टरांनाही प्रथम क्षयाचा मेंदूज्वर आठवतो.

अशा रुग्णाच्या कमरेतून सुईने मेंदू-मज्जाद्रव काढतात. तो यंत्रात फिरवून तळाशी बसलेला साका काचपट्टीवर घेतात आणि त्यात शाई मिसळतात. येथे बुरशी रंगतच नाही, रंगते ती पार्श्वभूमी! बुरशीभोवतीच्या जाड शर्करामय कवचात काजळीचे कण शिरत नाहीत. म्हणून काळोखात शुभ्र वलय दिसते, आत गोल पेशी, कुठे तिला फुटलेला कोंब. पांढऱ्या रक्तपेशीभोवतीही कधी वलयाचा भास होतो. पण त्याची कड अस्पष्ट असते आणि कोंब नसतो. बुरशी थोडी असेल तर नजर चुकते. वलय दिसले नाही म्हणून रोग नाही, असे म्हणता येत नाही. त्यासाठी प्रतिजन चाचणी करावी लागते.

2021 मध्ये महाराष्ट्राने म्युकरमायकोसिस पाहिला. नाकातून डोळ्याकडे व मेंदूकडे सरकणाऱ्या या रोगात ऊतींचा नमुना पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवतात. ऊती विरघळतात, बुरशीचे रुंद, फितीसारखे, जवळजवळ काटकोनात फुटणारे तंतू उरतात. त्या मे महिन्यात केंद्राने हा रोग 1897 च्या साथरोग कायद्याखाली नोंदवण्यास राज्यांना सांगितले. हा कायदा मुंबईच्या प्लेगमुळे झाला होता. त्याच वर्षी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीमाई गेल्या.

दोन्ही रोगांवर अँफोटेरिसिन-बी हेच मुख्य औषध. क्षयाच्या गोळ्या येथे निरुपयोगी. 2021 मध्ये या औषधाचा तुटवडा पडला, तेव्हा नातेवाईक चिठ्ठी घेऊन शहरोशहरी हिंडत होते.