नामदेवांची पायरी : नम्रतेचा एक पाठ



आमच्या क्षेत्री दर्शनास येणारी पुष्कळ मंडळी येथून पुढे पंढरपुरास जातात. तेथील श्रीविठ्ठल मंदिराचे पूर्वेचे महाद्वार आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले असेल. त्या द्वाराच्या पहिल्या पायरीस 'नामदेव पायरी' असे म्हणतात. वारकरी तिच्यावर पाय देत नाहीत. हात लावून तो मस्तकी नेतात आणि ती ओलांडतात. परंपरेनुसार संत नामदेव महाराजांनी शके १२७२ (इ. स. १३५०) मध्ये आषाढ वद्य त्रयोदशीस येथे समाधी घेतली. संतांची व भक्तांची पायधूळ आपणावर पडावी, एवढेच त्यांचे मागणे होते. ज्याच्या हातचा नैवेद्य देव प्रत्यक्ष जेवला असे लोक भक्तिभावाने सांगतात, त्याने गाभाऱ्यातील जागा न मागता दाराबाहेरील पायरी मागितली. हे मागणे त्यांच्या मुखी कसे आले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

लाडक्या भक्ताची परीक्षा

नामदेवांचा जन्म इ. स. १२७० चा. दामाशेट व गोणाई यांचे हे पुत्र. घराणे शिंप्याचे व विठ्ठलभक्तीचे. बालपणापासून देवाशी त्यांची सलगी होती. अशा भक्ताच्या मनात 'देव माझा आहे' हा भाव असणे स्वाभाविक होय; परंतु त्याच भावाच्या आडोशाने 'मी देवाचा विशेष आहे' हा भाव केव्हा शिरतो, ते कळत नाही.

तेर येथे गोरोबाकाका कुंभार यांच्या घरी संतमंडळी जमली असतानाचा प्रसंग परंपरेने जपून ठेवला आहे. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी मडकी थापटण्याचे थापटणे हाती घेतले आणि जमलेल्यांपैकी कोणते मडके पक्के व कोणते कच्चे, हे पाहण्यासाठी एकेकाच्या मस्तकावर थापटी दिली. इतर संत शांत राहिले. नामदेवांना मात्र तो अपमान वाटला व तसे त्यांनी बोलून दाखविले. गोरोबांनी निर्णय दिला, की हे एक मडके कच्चे आहे. व्याकुळ होऊन नामदेव पंढरीस परतले व त्यांनी विठ्ठलाकडे गाऱ्हाणे नेले. आपला देव आपली बाजू घेईल अशी त्यांची खात्री होती. पण देवानेही गोरोबांचाच निर्णय उचलून धरला आणि गुरूस शरण जाण्याची आज्ञा केली. नामदेव खऱ्या अर्थाने मोडले ते या उत्तराने.

कच्चे म्हणजे काय?

कुंभाराच्या व्यवसायाशी परिचय असणाऱ्यास या निर्णयातील मर्म चटकन कळेल. भाजलेल्या मडक्यावर बोटाने टिचकी मारली असता खणखणीत नाद येतो. कच्चे मडके बद्द वाजते. दिसावयास दोन्ही सारखीच सुबक असतात. पण कच्च्यात पाणी भरले, की ते विरघळू लागते. मात्र यास एक दुसरी बाजूही आहे. भाजलेले मडके फुटले, तर त्याच्या खापऱ्यांचे पुन्हा मडके होत नाही. कच्चे मडके मोडले, तर ती माती भिजवून, मळून पुन्हा चाकावर चढविता येते. म्हणून 'कच्चे' हा शब्द ऐकावयास कठोर असला, तरी त्यात आशा आहे. ज्याला आपले कच्चेपण कळले, त्याची घडण अद्याप होऊ शकते.

श्रीज्ञानेश्वर महाराजांनी इ. स. १२९६ मध्ये आळंदीस समाधी घेतली, तेव्हा नामदेव सव्वीस वर्षांचे होते. पुढे पन्नासहून अधिक वर्षे ते कीर्तन करीत फिरले. पंजाबातील घुमान येथे त्यांचे स्थान आहे आणि शीख बांधवांच्या श्रीगुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत. कच्चे ठरविले गेलेले मडके पुढे किती जणांची तहान भागविते झाले, हे यावरून दिसते.

विसोबांचे पाय

गुरूच्या शोधात नामदेव औंढा नागनाथास आले, अशी कथा आहे. तेथे विसोबा खेचर शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनी त्यांना दोष दिला. तेव्हा, जेथे देव नाही अशा जागी माझे पाय ठेव, असे विसोबांनी सांगितले. नामदेव पाय उचलून जेथे जेथे ठेवू लागले, तेथे तेथे त्यांना पिंडीच दिसली. ज्यांना देवापासून दूर सारावयाचे, तेच पाय नामदेवांना हातांनी उचलावे लागले आणि त्या वाकण्यात देव सर्वत्र असल्याचा अनुभव आला. ताठ उभे असताना तो एका राऊळापुरताच दिसत होता.

अस्थींना लावलेला कान

या पाठाचा कस पुढे लागला. मंगळवेढ्यात गावकुसाचे बांधकाम कोसळून संत चोखोबा व इतर मजूर इ. स. १३३८ मध्ये गाडले गेले, असे परंपरा सांगते. नामदेव तेथे गेले. ढिगाऱ्यातील अस्थींमधून चोखोबांच्या अस्थी कशा ओळखाव्या? ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले, त्या त्यांनी कान लावून वेचल्या व पंढरीस आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी केली. ज्या नामदेवांच्या मस्तकाचा नाद एकदा दुसऱ्याने तपासला होता, तेच आता दुसऱ्याच्या अस्थींतील नाद ऐकत होते. समाजाने ज्यास दाराबाहेर ठेवले, त्याच्या अस्थी त्यांनी स्वतः वाहून आणल्या आणि पुढे स्वतःसाठीही दाराचीच जागा मागितली.

नम्रता आणि अवहेलना

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. नामदेव दारात राहिले ते आपल्या इच्छेने. चोखोबांना दारात थांबविले गेले ते जातीच्या कारणाने. पहिली नम्रता होय, दुसरा अन्याय होय. या दोहोंची गल्लत करून दुर्बलांस 'नम्र राहा' असा उपदेश करणे हे धर्माचे काम नव्हे. हा अन्याय दूर व्हावा यासाठी पूज्य साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राण पणास लावून उपोषण करावे लागले, तेव्हा अस्पृश्य मानलेल्या बांधवांस मंदिराचे दार उघडले. चोखोबांच्या निधनास तोवर सहाशेहून अधिक वर्षे लोटली होती. नम्रता स्वतःकडून मागावयाची असते, दुसऱ्याकडून वसूल करावयाची नसते.

त्याचप्रमाणे दुःखाने खचलेला यात्रेकरू आपल्या शेजारी रांगेत उभा असेल, तर 'देवाने तुझ्या भल्यासाठीच हे केले' असे त्यास सांगू नये. त्यास पुढे जाण्यास वाट द्यावी, पाणी द्यावे. मोडलेल्या मनास उपदेशाआधी आधार हवा असतो. त्याच्याजवळ मिरविण्याजोगे काही उरलेले नसते. म्हणूनच त्याची हाक सरळ देवापर्यंत जाते, अशी संतांची साक्ष आहे.

देणगीदार भक्तांस विनंती

संस्थानच्या कार्यालयात देणगीची पावती लिहिताना नावाच्या रकान्यात 'एक भक्त' असे लिहावे, अशी विनंती काही मंडळी करतात. काहींना मातापित्यांच्या स्मरणार्थ शिळेवर नाव असावे असे वाटते. त्यातही गैर काही नाही. कृतज्ञतेने कोरलेले नाव पुढील पिढीस दानाची प्रेरणा देते. फक्त एवढेच स्मरावे, की नाव कोरलेला दगड भिंतीत उंचावर बसतो आणि नामदेवांनी मागितलेला दगड पायांशी आहे; तरीही लोक मस्तक टेकवितात ते त्या पायरीशी.

दर्शनापूर्वी मनन

रांगेत उभे असताना पुढील तीन गोष्टींचा शांतपणे विचार करावा :

१. अलीकडे कोणाच्या बोलण्याने माझे मन दुखावले? त्यात सत्याचा अंश होता काय?

२. ज्यास मी दोष दिला, त्याच्यापाशीही देव आहे, हे मला मान्य आहे काय?

३. आज मी कोणास दाराबाहेर ठेवले आहे?

यांची उत्तरे कोणास सांगावयाची नाहीत. ती घेऊन उंबरठ्यापाशी वाकावे आणि आत जावे. श्रींची कृपा आपणां सर्वांवर राहो, हीच प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥

— सचिव, संस्थान कार्यालय